सिंगालीलाच्या दांड्यावरून
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रवासवर्णन ऐकावयास श्रोते सहसा खुशीने बसतात, याची कारणे दोन. वक्त्याने केलेला खर्च आपणांस करावा लागत नाही, आणि त्याचे पाय दुखले तरी आपले दुखत नाहीत. आजच्या भाषणात या दोन्ही सवलती आपणांस मिळतील. तथापि आमचा अंतःस्थ हेतू निराळा आहे, तो शेवटी सांगू.

गेल्या एप्रिलच्या अखेरीस आपल्या मंडळाचे आम्ही सातजण दार्जिलिंग जिल्ह्याच्या पश्चिम कडेवरील सिंगालीला नावाच्या डोंगरधारेवरून सहा दिवस पायी चाललो. सर्वांत धाकटे सभासद ४१ वर्षांचे, सर्वांत ज्येष्ठ ६७ वर्षांचे, आणि पलटणीत दोन भगिनी. या वाटेचे वैशिष्ट्य असे की ती भारत आणि नेपाळ यांच्या सीमेला धरून जाते. धरून म्हणजे जवळून नव्हे. कित्येक ठिकाणी पायवाट हीच सीमा आहे. उत्तरेकडे तोंड करून चालू लागले की डाव्या हाताला नेपाळ, उजव्या हाताला हिंदुस्थान. वाटेत चिखल आला आणि तो चुकवावयाचा म्हणून दोन पावले डावीकडे टाकली, की आपण परदेशात. शासकीय सेवेत असलेल्या माणसास परदेशी जावयाचे तर किती परवानग्या लागतात, हे या सभागृहातील निम्म्या मंडळींस स्वानुभवाने ठाऊक आहे. आम्ही त्या सहा दिवसांत दिवसाला पन्नास वेळा परदेशी गेलो आणि परत आलो, रजेच्या एकाच अर्जावर.

प्रथम भूगोल. कांचनजंगा हे जगातील तिसऱ्या क्रमांकाचे शिखर. त्याच्यापासून एक धार दक्षिणेकडे उतरत येते, ती सिंगालीला. सह्याद्रीत आपण जिला दांड म्हणतो तशीच ही, फक्त उंचीचे परिमाण वेगळे. मौज अशी की नेपाळी भाषेतही डोंगराच्या धारेस डाँडा असेच म्हणतात. ही धार म्हणजे पाणलोटाची रेघ आहे. आपल्याकडे घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाचे एक पाणी कोकणात जाते आणि दुसरे कृष्णेला मिळते, तसेच येथे. पूर्वेच्या उतारावरचे पाणी रम्माम नदीतून रंगीतमध्ये, रंगीतमधून तिस्तेत आणि तिस्तेतून ब्रह्मपुत्रेत जाते. पश्चिमेच्या उतारावरचे पाणी नेपाळच्या इलाम जिल्ह्यातील माई नदीतून कनकाईत, कनकाईतून महानंदेत आणि तेथून गंगेत. म्हणजे एकाच घराच्या पाख्याच्या दोन बाजूंना पडलेले दोन थेंब निरनिराळ्या देशांतून वाट काढीत जातात, आणि अखेर बांगलादेशात, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या संगमावर, त्यांची गाठ पडते.

आता ही रेघ सीमा कशी झाली? इंग्रज आणि गुरखे यांच्या युद्धानंतर १८१६ साली सुगौलीचा तह कायम झाला. त्यात मेची नदीच्या पूर्वेचा मुलूख नेपाळने सोडला. पुढच्याच वर्षी, १८१७ साली, तितालियाच्या तहाने इंग्रजांनी तो सिक्कीमच्या राजास परत दिला. औदार्य म्हणून नव्हे, तर नेपाळच्या कुशीस एक मित्रराज्य असावे म्हणून. १८३५ साली सिक्कीमच्या राजाने दार्जिलिंगची टेकडी हवा खाण्याच्या ठिकाणासाठी कंपनी सरकारास दिली, आणि १८५० साली कंपनीने आजूबाजूचा डोंगरही आपल्या मुलखास जोडून घेतला. मेची नदी सिंगालीलाच्या दक्षिण टोकाशी उगम पावते. नदी संपली की सीमेला दुसरा आधार लागतो, तो या दांड्याने दिला. नकाशा काढणाऱ्यास पाणलोटाची रेघ फार सोयीची वाटते, कारण तिच्याविषयी वाद घालता येत नाही. पाणी वाहते त्या बाजूचा मुलूख त्याचा. हद्दीच्या फायली चाळण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आमच्यासारख्यास ही युक्ती पटते. परंतु धारेवर माणसांची वस्ती असेल तर काय होते, हे फायलीत लिहिलेले नसते. ते पाहावयास चालावे लागते.

आपल्या शहरातून रात्रीच्या गाडीने न्यू जलपायगुडी, तेथून मोटारीने घूम ओलांडून मानेभंज्यांग. माने म्हणजे बौद्ध मंत्र कोरलेल्या शिळांची रास किंवा भिंत, आणि भंज्यांग म्हणजे खिंड. या गावच्या बाजारपेठेतच सीमा आहे. पलीकडच्या दुकानांवर नेपाळचा झेंडा दिसतो, अलीकडच्या दुकानांत आपली बँक आहे, आणि मधून भाजीवाल्या बाया टोपल्या घेऊन जा-ये करीत असतात. येथे राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क भरावे लागते आणि वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो. आमचा वाटाड्या बावीस-तेवीस वर्षांचा तरुण होता. त्याने आमची वये विचारली, किंचित विचार केला, आणि पुढील सहा दिवसांत एकदाही घाई केली नाही. याबद्दल त्याचे ऋण आम्ही जाहीरपणे मानतो.

पहिलाच चढ चित्रेपर्यंतचा, तीन किलोमीटरांचा, उभा. तेथे एक गोंपा आहे. त्यानंतर वाट धारेवर येते आणि धुके सुरू होते. मेघमा नावाचा पाडा लागतो, आणि त्याचे नाव कोणी ठेवले असेल त्याने ते डोळे उघडे ठेवून ठेवले आहे. दहा हात अंतरावरचा सहकारी दिसेना. रस्त्याच्या एका बाजूची घरे नेपाळची, दुसऱ्या बाजूची आपली. मध्ये सशस्त्र सीमा बलाची चौकी. २००१ सालापासून नेपाळ सीमेची राखण या दलाकडे आहे. जवानाने ओळखपत्रे पाहिली, वहीत नावे लिहिली आणि चहा कोणत्या घरी चांगला मिळतो ते सांगितले. ते घर नेपाळात होते.

पहिला मुक्काम तुमलिंगला, सुमारे तीन हजार मीटर उंचीवर. तुमलिंग नेपाळात आहे, आणि त्याला लागूनच वर टोंगलू भारतात. येथे एक गंमत घडली. नेपाळचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या पंधरा मिनिटे पुढे असते. आपली प्रमाणवेळ मिर्झापुराजवळच्या रेखावृत्तावरून, तर त्यांची गौरीशंकर शिखरावरून जाणाऱ्या रेखावृत्तावरून ठरते, आणि ही व्यवस्था त्यांनी १९८६ साली स्वीकारली. खोलीत आम्ही चौघे. दोघांच्या मोबाइलने पलीकडचा मनोरा पकडला, दोघांच्याने अलीकडचा. पहाटे चार वाजताचा गजर एकदा झाला, पाव तासाने पुन्हा झाला. सूर्य मात्र एकदाच उगवला.

मुक्कामाचे घर चालविणाऱ्या बाईंना सारेजण दीदी म्हणत, म्हणून आम्हीही म्हणालो. वास्तविक त्या आमच्याच वयाच्या. स्वयंपाकघरात चुलीभोवती बसवून त्यांनी आम्हांस भात, डाळ, रायसागाची भाजी आणि बटाट्याचे अचार वाढले. चुलीवर याकच्या दुधाच्या छुर्पीचे तुकडे धुरात सुकत टांगलेले होते. जेवणापूर्वी एक लाकडी भांडे आले, त्यात आंबवलेले धान्य, वरून कढत पाणी, आणि ओढून पिण्यासाठी बांबूची नळी. यास तोंग्बा म्हणतात. धान्याचे नाव कोदो, म्हणजे आपली नाचणी. आमच्या ज्येष्ठ सभासदांनी ही आपल्या आंबिलाची थोरली बहीण असल्याचा निर्वाळा दिला, आणि थोरल्या बहिणीचा मान राखावा या भावनेने दुसऱ्यांदा कढत पाणी मागविले.

भाषेची अडचण आली नाही. नेपाळी देवनागरीत लिहितात, त्यामुळे पाट्या वाचता येतात, आणि निम्मे शब्द ओळखीचे निघतात. वाट म्हणजे बाटो, गुरांचा निवारा म्हणजे गोठ, तळे म्हणजे पोखरी, आपल्या पुष्करिणीची सख्खी बहीण. १९९२ साली नेपाळी भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली ती कोकणी आणि मणिपुरी यांच्यासमवेत, एकाच दुरुस्तीने. आमच्यातील गोव्याच्या सभासदांनी हे दीदींना मोठ्या अभिमानाने सांगितले. दीदींनी विचारले, "मग तुम्हांला आधी कुठे होती?" या प्रश्नास त्यांच्याकडे उत्तर होते, पण ते फार लांब होते.

रात्री बोलणे सीमेवर आले. दीदी नेपाळच्या नागरिक. माहेर मानेभंज्यांगकडचे, म्हणजे भारतात. धाकटी मुलगी पुन्हा रिंबिकजवळ दिलेली, म्हणजे भारतातच. १९५० सालच्या मैत्रीच्या तहाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, व्यवसाय करण्याची, ये-जा करण्याची मोकळीक आहे. १,७५१ किलोमीटरांच्या या सीमेवर पारपत्र लागत नाही. दीदींना या तहाचे नाव ठाऊक नव्हते. त्यांच्या लेखी ती माहेरची वाट. परंतु २०२० साली मार्च महिन्यात रोगाच्या साथीमुळे सीमा बंद झाली, आणि त्याच काळात मानेभंज्यांगला त्यांचा थोरला भाऊ वारला. उतरावयाची वाट तीन तासांची. त्यांना जाता आले नाही. चौकीवरचे जवान ओळखीचे, रोज चहाला येणारे. त्यांनाही सोडता आले नाही. "त्यांचा दोष नाही," दीदी म्हणाल्या, "त्या दिवशी आम्हांला समजले की ही वाट कोणाची तरी आहे. तोवर ती नुसती वाट होती." यावर आमच्यापैकी कोणीही काही बोलले नाही. त्यांनी चुलीत लाकूड सारले आणि सकाळी अंडी किती उकडावयाची ते विचारले.

आम्हांस त्या वेळी आपल्या गावाकडच्या बांधांची आठवण झाली. दोन सख्खे भाऊ वीतभर बांधासाठी तालुक्याच्या कचेरीपासून उच्च न्यायालयापर्यंत जातात, नांगराच्या एका तासाने बांध कोरल्याचा राग तीन पिढ्या पुरवितात. येथे दोन सार्वभौम राष्ट्रांचा बांध आहे. त्यावर ठिकठिकाणी पांढरे खांब आहेत, एका अंगास भारत आणि दुसऱ्या अंगास नेपाळ. त्यांपैकी एका खांबावर गोधडी वाळत घातलेली आम्ही पाहिली. कोणत्या देशाची गोधडी, असा प्रश्न कोणास पडला नाही. नेपाळ आणि भारत यांच्यात सीमेवरून अन्यत्र वाद नाहीत असे नाही. कालापानीचा वाद सर्वांस ठाऊक आहे. परंतु या दांड्यावर गोधडी वाळते आहे, हीही वस्तुस्थिती आहे आणि तिची नोंद कोठे होत नाही म्हणून आम्ही येथे करीत आहोत.

दुसऱ्या दिवशी गैरीबासला उतरलो. येथे पुन्हा चौकी. वहीत आमची आडनावे लिहिता लिहिता जवानाने मान वर केली. "कुठलं म्हनायचं?" हा गडी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याचा. दुष्काळाच्या गावचा माणूस पावसाच्या मुलखात आला, तेव्हा पाण्याची तरी चंगळ असेल, असे आम्ही म्हणालो. तो हसला. "हितं पाऊस लई, पन प्यायचं पानी निम्म्या डोंगराखालनं आनायचं. आमच्या जतात टँकर तरी येतोय."

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. धारेवर पडलेले पाणी धारेवर राहत नाही, दोन्हीकडे निघून जाते. झरे असतात ते उतारावर, शे-दोनशे मीटर खाली. पूर्वी धारेवर चार घरे होती, तेव्हा खालून आणलेले पाणी पुरे. आता प्रत्येक पाड्यावर पाहुण्यांच्या खोल्या आहेत, प्रत्येक पाहुण्यास कढत पाण्याची बादली हवी. रबरी नळ्या एका देशातल्या झऱ्यावरून दुसऱ्या देशातल्या घरात गेलेल्या आम्ही जागोजाग पाहिल्या. आज त्या आपसांतल्या समजुतीने चालतात. झरे आटले म्हणजे ही समजूत किती टिकेल, हा प्रश्न कोणत्याही तहात नाही. सीमेवर पहिला तंटा झालाच तर तो बंदुकीवरून होणार नाही, नळीवरून होईल, असे आमचे मत झाले आणि अद्याप ते बदललेले नाही. आम्ही सातजणांनी त्या दिवसापासून आंघोळीला रजा दिली. याचे श्रेय तत्त्वास द्यावे की थंडीस, हे श्रोत्यांनी ठरवावे.

गैरीबासच्या पुढचे जंगल हे या वाटेचे वैभव. एप्रिलात गुरांस फुलतो. लाल फुलांचा गुरांस हे नेपाळचे राष्ट्रीय पुष्प, लालीगुरांस. उंची वाढते तसे त्याचे जातभाई भेटतात, फिकट पिवळे, गुलाबी, पांढरे, आणि हातभर लांब पानांचे. जोसेफ हूकर हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १८४८ च्या मे महिन्यात पावसात भिजत, जळवा काढीत टोंगलूवर चढला होता. त्याच वर्षीच्या अखेरीस त्यास पूर्व नेपाळात जावयाचे होते, तर त्यासाठी जंगबहादुराच्या दरबाराची परवानगी आणि बरोबर गुरखे शिपाई घ्यावे लागले. या प्रदेशातील कित्येक गुरांसांना आणि एका भव्य चंपकवृक्षाला त्याने आपल्या स्नेह्यांची नावे दिली, त्यांत दार्जिलिंगचा अधिकारी कॅम्बेल हाही आहे. अधिकाऱ्याच्या नावाचे झाड असावे ही कल्पना आम्हांस आवडली. आमच्या खात्यात आजवर कोणाच्या नावाचे झुडूपही झालेले नाही.

याच जंगलात तांबडा पांडा राहतो. मांजराहून थोडा मोठा, तांबूस, झुपकेदार शेपटीचा, मालिंगो नावाच्या बांबूच्या पानांवर जगणारा. आम्हांस तो दिसला नाही. सहसा दिसत नाही. भारताच्या बाजूस १९९२ पासून सिंगालीला राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे ७८ चौरस किलोमीटरांचे. दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात या प्राण्याची पैदास करतात, आणि २००३ साली तेथे वाढलेल्या दोन माद्या या जंगलात सोडल्या गेल्या. नेपाळच्या बाजूस राष्ट्रीय उद्यान नाही, गावांनी सांभाळलेली वने आहेत, आणि गावातलीच माणसे पांड्यावर लक्ष ठेवतात. आता अडचण पाहा. राष्ट्रीय उद्यानात आपल्या कायद्याने गुरे चारता येत नाहीत. वाटेपलीकडे चारता येतात. याक आणि गाय यांच्या संकराच्या गुरांना वाट म्हणजे काय हे कळत नाही, आणि मालिंगोचे कोवळे कोंब त्यांनाही आवडतात. वनरक्षक गुरे हाकलतो, गुराखी ती पुन्हा वळवितो, दोघेही एकमेकांच्या लग्नकार्यात जेवलेले. या दुपारच्या तंट्यात कायदा वनरक्षकाच्या बाजूने आहे यात शंका नाही. पण पांडा वाचावयाचा तर तो दोन्ही बाजूंच्या गुराख्यांना सांगून, पटवून, त्यांच्या चाऱ्याची सोय लावूनच वाचेल असे आम्हांस वाटते. अर्धे जंगल वाचविता येत नाही.

काळपोखरी हे लहानसे काळसर पाण्याचे तळे, भोवती पताका. त्याचे पाणी गोठत नाही अशी श्रद्धा आहे. तेथे मुक्काम करून तिसऱ्या दिवशी संदकफूचा चढ. शेवटचे चार किलोमीटर आम्ही मोजून पावणेतीन तासांत चढलो. ३,६३६ मीटर उंचीचे हे पश्चिम बंगालचे सर्वोच्च ठिकाण. बचनागासारख्या विषारी वनस्पती येथे उगवतात, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. नेपाळात त्यासच संदकपूर म्हणतात.

दुपारभर ढग, संध्याकाळी गारा. पहाटे साडेचारास बाहेर आलो तो आकाश धुऊन पुसून ठेवलेले. उत्तरेस सत्तरएक किलोमीटरांवर कांचनजंगेचा समूह. एका कुशीवर निजलेल्या बुद्धासारखा त्याचा आकार, कुंभकर्ण शिखर हे मस्तक. वायव्येस, सुमारे १४० किलोमीटरांवर, ल्होत्से, एव्हरेस्ट आणि मकालू. मकालू जवळ असल्यामुळे एव्हरेस्टहून मोठा दिसतो, आणि नवखे लोक त्यालाच नमस्कार करतात. जगातील पहिल्या पाचांपैकी चार शिखरे एका मान वळविण्यात. वीस मिनिटांनी ढगांनी पडदा ओढला. त्या वीस मिनिटांचे वर्णन करण्याचा प्रयत्न आम्ही करणार नाही. आमच्या भगिनींपैकी एक ते पाहत असता मूकपणे रडत होत्या, एवढेच सांगतो.

कांचनजंगेवरूनही हीच सीमा जाते. १९५५ साली ब्राउन आणि बँड हे दोघे प्रथम त्यावर चढले, तेव्हा सिक्कीमच्या राजास दिलेल्या शब्दाप्रमाणे ते माथ्याच्या काही पावले अलीकडे थांबले. देवतेचा माथा तुडवावयाचा नाही, हा तो शब्द.

संदकफूवर मात्र पुष्कळ काही तुडविले जात आहे. पूर्वी दगडगोट्यांच्या रस्त्याने मानेभंज्यांगहून जुन्या लँड रोव्हर गाड्या वर येत. चहामळेवाल्यांनी आणलेल्या, १९५० च्या दशकातल्या या गाड्या तेथील कारागिरांनी दशकानुदशके जिवंत ठेवल्या, आणि हा एक पराक्रमच आहे. आता रस्त्याचा बराचसा भाग काँक्रीटचा झाला आहे आणि नव्या गाड्या अर्ध्या दिवसात माणसे वर आणून सोडतात. रस्ता नको असे आम्ही म्हणणार नाही. दीदींच्या सुनेस बाळंतपणासाठी खाली नेले ते याच रस्त्याने. परंतु सकाळी सपाटीवरच्या शहरात असलेला माणूस संध्याकाळी साडेतीन हजार मीटरांवर पोहोचतो, तेव्हा त्याच्या रक्तास विरळ हवेची सवय व्हावयास वेळच मिळत नाही. डोके दुखते, मळमळते, श्वास लागतो. तो ते प्रवासाचा शीण समजून निजतो. अलीकडील वर्षांत येथे पर्यटकांचे मृत्यू झाल्याची वृत्ते एकामागून एक आली आहेत. वर रुग्णालय नाही. ज्याचे डोके दुखेल आणि विश्रांतीने थांबणार नाही, त्याने त्याच क्षणी खाली उतरावे, रात्र असली तरी. येथे उपस्थित असलेल्यांपैकी ज्यांस रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यांनी हे वाक्य घरी गेल्यावरही लक्षात ठेवावे. चालत जाण्याचा एक फायदा असा की शरीर आपल्या गतीने वर जाते. तीन दिवसांत आम्ही जे चढलो, ते गाडीने तीन-चार तासांत होते. आम्हांपैकी कोणाचे डोकेही दुखले नाही.

संदकफूहून फालूत २१ किलोमीटर. हा दिवस सर्वांत लांब आणि सर्वांत एकांताचा. गाड्यांची गर्दी मागे राहते. उघडी गवताळ धार, जळून उभे राहिलेले पांढरे वृक्ष, आणि डाव्या-उजव्या दोन्ही हातांस दऱ्या. त्या दिवशी आम्हांस दोन गुराखी, एक गस्तीची तुकडी आणि याकांचा एक कळप, एवढेच भेटले. फालूत येथे पश्चिम बंगाल, सिक्कीम आणि नेपाळ एकत्र येतात. १६ मे १९७५ रोजी सिक्कीम भारताचे राज्य झाले; तत्पूर्वी येथे उभा राहणारा मनुष्य निराळ्याच तीन मुलखांच्या सांध्यावर उभा असे. गवत तेव्हाही हेच असणार. वारा इतका की बोलणे अशक्य, म्हणून या ऐतिहासिक विषयावर आम्ही तेथे चर्चा केली नाही.

पाचव्या दिवशी सीमा सोडून पूर्वेस उतरलो. गोर्खे हे ओढ्याकाठचे गाव, मक्याची शेते, पलीकडे सिक्कीम. इतके दिवस धारेवर राहिल्यानंतर वाहत्या पाण्याचा आवाज ऐकला, आणि सातहीजण कपड्यांसकट नाही तरी जवळजवळ तसेच पाण्यात शिरलो. तेथून रम्मामवरून श्रीखोला, आणि मग रिंबिकमार्गे गाडी. रिंबिकजवळ दीदींच्या मुलीचे घर शोधून आम्ही त्यांनी दिलेली छुर्पीची पुरचुंडी पोहोचविली. मुलीने ती हुंगून पाहिली, आईच्या चुलीचा धूर ओळखला आणि आम्हांस चहा दिल्याविना सोडले नाही.

आता अंतःस्थ हेतू. पुढील वर्षी पुन्हा जावयाचे ठरत आहे. एप्रिल-मे फुलांसाठी, ऑक्टोबर-नोव्हेंबर शिखरांसाठी. पावसाळ्यात, साधारणतः जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, उद्यान बंद असते. सरकारी ओळखपत्र, लोकरीचे कपडे, पावसाळी अंगरखा आणि वापरून मऊ झालेले बूट हवेत. नवे बूट नकोत. प्लॅस्टिकचे जे वर न्याल ते खाली आणावे लागेल, यात सवलत नाही. डॉक्टरांचा दाखला हवा, आणि तो ओळखीच्या डॉक्टरांचा नको. आंघोळीविषयी आधीच सांगितले आहे. ज्यांची तयारी असेल त्यांनी नावे चिटणिसांकडे द्यावीत. आज सायंकाळपर्यंत आली तर गाडीची आरक्षणे एकत्र करता येतील.